उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

संचारबंदीचा पास माझ्या खिशात आहे.
शिक्का महापालिकेचा, सही कुणाची ते लागत नाही,
कारण म्हणून लिहिलंय : पाणी.

रविवारी सुटली ती गोळी, भाजीबाजाराच्या तोंडाशी.
कुणी म्हणतं मोबाईल चोरला होता,
कुणी म्हणतं त्याचाच होता, पावती आहे घरी.
शिपायाचा हात थरथरला असंही म्हणतात.
माझाही थरथरतो, चावी फिरवताना, रोज.

सोमवारी दगड चालले. मंगळवारी टायर.
बुधवारी भिलाटीच्या कडेच्या नऊ झोपड्या
आणि मोटरसायकलच्या शोरूमच्या काचा.
पंचनामा एकाच कागदावर,
काचा आधी.

गच्चीवरून कॉलनीतली एक बाई विचारते,
नाना, यांचा काही बंदोबस्त होणार आहे की नाही?
मी मान खाली घालून चेंबरचं झाकण सरकवतो.
मी तरी काय,
बत्तीस वर्षं भिलाटीत वाकलो ते
सायकलला कुलूप लावूनच.
चोरी एकदाच झाली माझी, ती ऑफिसात.

दिलवर मालचे. वय एकोणीस. पेपरात बावीस.
गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे रोजाने खड्डे खणायला होता.
फरशीपुलाजवळचा जुना व्हॉल्व्ह आम्ही दोघांनी उकरला.
कळण्याची भाकरी झाकणावर ठेवली तर
झाकणाने ती पुन्हा शेकून दिली.
मी चावी घालून डावीकडे जीव काढत होतो,
तो खड्ड्यात बसून हसला :
"नाना, हाऊ उलटा शे."
शहरातले सगळे डावीकडे उघडतात, हा एकटा उजवीकडे.
नकाशात तसं नाही. इंजिनिअरला माहीत नाही.
माहीत होतं ते आम्हा दोघांना.

काल रात्री साहेबांचा फोन.
चौक धुवायचाय, दोन टँकर भरून द्या,
सकाळी वरची माणसं येतायत.
भिलाटीला पाणी येऊन नववा दिवस.

दीड वाजता सिव्हिलमधून ॲम्ब्युलन्स आली,
पुढे पोलिसांचा पिंजरा, मागे पिंजरा.
उजाडायच्या आत उरका, असं घरच्यांना सांगितलेलं.
त्याची आई बंदोबस्ताच्या दोरीशी उभी,
कमरेला रिकामी कळशी.
तिचं नाव मी कधी विचारलं नाही.
म्हणाली,
"मन्हा आंडोरले आंघोळ घालानी शे."

पाळी चार नंबर वॉर्डाची होती.
वहीत तसंच लिहिलंय अजून.

चावी घातली, हात आपोआप डावीकडे गेला.
थांबलो.
मग उजवीकडे. एक आटा, दोन, सात,
अकराव्याला पाइपात हवा बोलायला लागली,
घरघर, खोकला, खूप वेळ नुसता खोकला,
मग नळाला तांबडं पाणी आलं.
दोरीजवळचा शिपाई, मिशीही न फुटलेला, दचकला :
काय आहे ते?
गंज, म्हटलं. निवळेल.
निवळल्यावर त्यानेही आपली बाटली पुढे केली,
कुणाकडे न बघता.
बायांनी भरू दिली.

टँकर अर्धेच भरले.
चौकात एक डाग राहिला, त्यावर
पहाटे कुणीतरी चुन्याचा पट्टा ओढला,
पार्किंगची रेघ वाटावी असा.
त्या रेघेला चिकटून आता एक स्कूटर उभी असते.

सकाळी चार नंबरमधून अकरा तक्रारी.
खुलासा मागितलाय. लिहितो : दाब कमी होता.

पुढच्या मार्चला मी रिटायर.
नव्या पोराला सगळे व्हॉल्व्ह दाखवायचेत,
कुठला कुठे, किती आटे.
फरशीपुलापाशी आलो की सांगावं लागेल,
बाबा रे, हा उलटा.
तो विचारेलच,
तुम्हाला कुणी सांगितलं?